खंडेनवमीची टाकी

माझ्या भागीरथीमावशीने म्हैसूरमधल्या जयलक्ष्मीपुरमच्या एका शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. बेडकाचं अख्खं आयुष्य ती रंगीत खडूंनी फळ्यावर इतकं झकास काढायची की मुली घंटा झाली तरी उठायच्या नाहीत. पण अंड्यांतून पिल्लं निघताना तिने स्वतः कधी पाहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर ही गोष्ट तिला फार बोचायला लागली.

शहाऐंशी सालच्या नवरात्रात मी तिच्याकडे राहायला असताना परसातल्या सिमेंटच्या टाकीच्या आत, पाण्याच्या वर, भिंतीला पांढरा फेस चिकटलेला दिसला. मावशीचे यजमान येसाजीकाका तिथेच दाढी करायचे. दाढीचा साबण समजून मावशीने त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. मग चष्मा पुसून जवळ गेली आणि वाकून निरखू लागली. साबण नव्हताच तो. न्हाणीघरात ठाण मांडून बसलेल्या झाडबेडकीने मागच्या पायांनी घुसळून केलेलं घरटं होतं. आत अंडी. पिल्लं तयार झाली की फेस विरघळणार आणि ती खाली पाण्यात पडणार.

पण काका पडले म्हैसूरच्या जुन्या शिपाई घराण्यातले. खंडेनवमीला पणजोबांची तलवार पुजायची आणि त्याआधी घर, परस, टाकी घासून लख्ख करायची. यात ते देवाचंही ऐकणार नाहीत.

"त्या घुसखोराचं बाळंतपण माझ्या टाकीत बेडा, नको म्हणजे नको!" ते म्हणाले. "उद्या सकाळी पाणी उपसून टाकी घासणार. मुगीतु, विषय संपला!"

खाली पाणी नसेल तर पिल्लं सिमेंटवर पडून मरतील, हे मावशीने रडकुंडीला येऊन सांगितलं. काका ढिम्म.

नवमीला ते आंघोळ करून परसात गेले, तर काथ्याचा ब्रश आणि बादली पाटावर मांडलेली, वर हळदकुंकू, शेवंतीची फुलं. पूजा झालेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, हा नियम त्यांच्याच घरचा! काका लालबुंद झाले, पण ब्रशला किंवा बादलीला हात लावायची छाती झाली नाही. मला तर हसू आवरेना.

दसऱ्याच्या सकाळी मावशी ओरडली, "अहो, नोडि, नोडि! बघा तरी!"

फेस ओघळत होता. इवलेसे बेडूकमासे टपटप पाण्यात पडून शेपट्या हलवत होते. मावशी चक्क रडली. "खोटं नव्हतं हो मी शिकवलेलं," म्हणाली.

काकांनी ब्रश उचलला. आता त्यांना मोकळीक होती. पण त्यांनी तो कोपऱ्यात ठेवून दिला आणि टाकीत वाकून पाहिलं.

"पाय कधी फुटतात ह्यांना?"

मावशीने पदराने डोळे पुसले.

"आधी मागचे. बसा, सांगते."