शेवटपर्यंत खेळलेल्यानेच गुण द्यावेत

लग्न होऊन मी जव्हारला आले तेव्हा नवऱ्याच्या सामानात एक वळकटी, एक स्टोव्ह आणि सुतळीने बांधलेले मासिकांचे दोन गठ्ठे होते. स्टोव्ह कधीच भंगारात गेला, गठ्ठे अजून माळ्यावर आहेत. मासिकं विलायती, इंग्रजी, आणि त्यांत सगळी चर्चा घरगुती कॉम्प्युटरवर खेळायच्या खेळांची. नवऱ्याचा चुलता ठाण्याला एका कचेरीत पहारेकरी होता. तिथली रद्दी तो दर दिवाळीला गावी, पोशेऱ्याला घेऊन यायचा. घराच्या कुडाला कागद चिकटवला की थंडीचा वारा आत येत नाही. चिकटवण्याआधी नवरा ती वाचून काढायचा आणि आवडलेली लपवून ठेवायचा. तेव्हा तो आश्रमशाळेत होता, गावात वीज नव्हती, आणि कॉम्प्युटर म्हणजे काय हे त्याने चित्रातच पाहिलं होतं.

तोंडावर मी त्याला अहो म्हणते, कागदावर तो म्हणते. लिहिणारीला तेवढी सूट असावी.

तर हा माणूस एकही खेळ न पाहता खेळांच्या परीक्षणांतला जाणकार झाला. एका मासिकाचं मुखपृष्ठ कायम लाल, दुसऱ्याचं निळं. दोन्हींत त्याच खेळांची परीक्षणं आणि शेवटी चौकटीत शंभरपैकी गुण. चित्रांना इतके, आवाजाला इतके, एकूण इतके. नवा संसार असला की लोक संध्याकाळी फिरायला जातात. आम्ही दोन मासिकं शेजारी शेजारी उघडून बसायचो. गुहेतून पळत सुटलेल्या माणसाचा एक खेळ होता, त्याला लालने चौऱ्याण्णव दिले होते आणि निळ्याने सत्तावन्न. "आता तूच सांग, न्याय कुणी केला?" तो विचारायचा. मी म्हणायचे, आधी खेळ दाखवा, मग न्याय सांगते.

त्याचा निकाल मात्र ठरलेला होता. लाल मासिक म्हणजे शिकवणीवाला मास्तर, फी भरली की पोरगं हुशार. ज्या खेळाची पानभर रंगीत जाहिरात त्यात असेल, त्याला नव्वदच्या खाली गुण नसायचे, हे त्याने मला पानं उलटून दाखवलं होतं. निळं मासिक गरिबाचं. ते कुणाला डोक्यावर घेत नाही आणि कुणाला नापासही करत नाही. पंचावन्न, साठ, बासष्ट. कुणाला सेकंड क्लास, कुणाला फर्स्ट क्लास. पस्तीस मिळाले की दहावी सुटली म्हणणाऱ्या आम्हा लोकांना याहून दिलदार मास्तर कुठे भेटणार?

त्याची आणखी एक कसोटी होती आणि ती मला मनापासून पटायची. परीक्षण लिहिणारा खेळ शेवटपर्यंत खेळला का? निळ्यातले लोक शेवटच्या पडद्यावर काय आहे ते लिहायचे, वाटेत कुठे अडायला होतं तेही लिहायचे. लालमधले जाहिरातीतलाच मजकूर फिरवून द्यायचे. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "जो शेवटपर्यंत गेला नाही त्याला गुण द्यायचा हक्क नाही," असं तो म्हणायचा, आणि भांडणात मी हे वाक्य त्याच्यावरच पुष्कळदा उलटवलं आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवते. गुणांच्या बाबतीत माझा हात आखडता आहे, आणि पोरं मागून मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. माझ्या हातून शेकडा साठच्या वर आजवर कुणी गेलेलं नाही. पोटची पोरगी माझ्याच वर्गात होती, तिला मी चोपन्न दिले. उत्तरं बरोबर होती, पण सगळी पाठ करून लिहिलेली. पाठांतराचे चोपन्नच होतात. तिने अबोला धरला, बापाने मध्यस्थी केली, चोपन्नचे पंचावन्न झाले नाहीत.

ती आता नाशिकला एका कंपनीत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी कॉम्प्युटरवरचा खेळ बनवत बसते. एकच खेळ, दोन वर्षं. बापाच्या मांडीवर बसून ती मासिकं पाहिलेली पोरगी दुसरं काय करणार? मला हा उद्योग पसंत नव्हता. बँकेची परीक्षा दे म्हणून मी तिच्या मागे लागले होते. यंदा पाऊस सरल्यावर तिने खेळ इंटरनेटवर लोकांना खेळून बघायला ठेवला, आणि अशा खेळांची परीक्षणं करणाऱ्या एका साइटवर त्याचंही परीक्षण आलं. बापाला तिने फोनवर एवढंच सांगितलं, "बाबा, दहापैकी सहा दिलेत."

फोन ठेवला आणि हा चपला अडकवून बाजारात गेला. पेढे आणले, आळीत घरोघर वाटले. पोरीला फर्स्ट क्लास मिळाला म्हणून सांगत सुटला. मीही रात्रीच्या भाताला तांदूळ निवडता निवडता तिला फोन लावला आणि म्हटलं, "अभिनंदन गं. साठ टक्के म्हणजे काही कमी नाही."

पलीकडे ती रडत होती.

"आई, सहा म्हणजे नापास," ती म्हणाली. "सातच्या खालचा खेळ कुणी हातात घेत नाही. पहिल्यापासून असंच आहे. बाबांच्या मासिकांतसुद्धा असंच होतं." मग तिने बापाला फोन द्यायला सांगितलं. "बाबा, तुम्ही खेळा. तुम्ही खरं सांगाल. वाईट असेल तर मी तो काढून टाकते आणि आईचे ते बँकेचे फॉर्म भरते."

तो पेढ्यांचा रिकामा पुडा हातात घेऊन खुर्चीत बसून राहिला. मला त्याची फार दया आली. थोड्या वेळाने त्याने माळ्यावरून गठ्ठे काढले आणि निळी मासिकं पुन्हा वाचायला घेतली. एका परीक्षणात लिहिलं होतं, या खेळाने रात्री उत्तम झोप लागते. लहानपणी त्याला ती स्तुती वाटली होती. डिक्शनरीत शब्द सापडले होते, टोमणा सापडला नव्हता.

"इतकी वर्षं ज्याला दिलदार समजलो तो सगळ्यांना नापास करत होता की गं," तो म्हणाला.

"पण शेवटपर्यंत खेळून नापास करत होता ना?" मी म्हटलं. "मग तुमचा निकाल बरोबरच होता. फक्त त्यामागचं कारण चुकलं."

त्यावर त्याचा चेहरा जरा सुधारला. त्याने लेकीला पुन्हा फोन लावला आणि तो साइटवाला शेवटपर्यंत खेळला होता का, असं विचारलं. नाही, ती म्हणाली. दुसऱ्या टप्प्यावर सोडला. खेळाला वेग नाही, कंटाळा येतो, असं त्यानेच लिहिलं होतं.

मग आमच्या घरात खेळ सुरू झाला. डोक्यावर भाताचा भारा घेतलेली एक बाई खाचरातून निघते आणि वर माळावरच्या खळ्यापर्यंत जाते, एवढाच खेळ. आधी शेताचा बांध, मग ओहळ, मग चढण, मग खळं. नवऱ्याने आयुष्यभर कचेरीत दोन बोटांनी टायपिंग केलं. त्याच दोन बोटांनी त्याने बाईला बांधावरून नेलं, आणि ओहळात ती जी पडायला लागली ती रोज पडली. भारा वाहून जायचा, बाई पुन्हा बांधाशी. शेवटी त्याने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "माझ्यानं नाय होत," तो म्हणाला. हरला की त्याच्या तोंडात पोशेरा येतो.

"मग चांगला आहे म्हणून सांगून टाका तिला," मी म्हटलं.

"कसं सांगू? तो साइटवाला जिथून पळाला, तिथंच मीपण बसलोय."

म्हणून मी बसले. खरं सांगायचं तर एकदाचा हा विषय संपावा म्हणून बसले. ओहळ मला जमला, कारण सासरी आल्यावर पहिल्याच वर्षी मी तसल्या ओहळात पडलेले आहे आणि पाऊल कुठे टाकायचं नाही ते मला माहीत आहे. चढणीवर मात्र बाईचा दम संपायचा आणि भारा खाली. मी चिडून चिडून बटणं दाबायचे, ती आणखी लवकर पडायची. एकदा दूध उतू जातंय असं वाटलं म्हणून मी तशीच उठून गॅसपाशी गेले. परत आले तर बाईने भारा एका सपाट दगडावर टेकवला होता आणि शेजारी बसून ती पदराने तोंड पुसत होती. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ थांबलं होतं. गुण एकही कमी झाला नव्हता. मी बटण दाबलं तेव्हा ती उठली, भारा डोक्यावर घेतला आणि चालू लागली.

मी नवऱ्याला हाक मारली. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "हा आपला दगड."

पोशेऱ्याच्या चढणीवर अर्ध्यात तो दगड आहे. वर जाणारं माणूस तिथे भारा टेकवतंच. माझी सासू मला तिथे बसवायची, आणि मी आपणहून उठेपर्यंत कधी चल म्हणाली नाही. "त्या मासिकांतल्या एकाही खेळात बसता येत नाही," नवरा म्हणाला. "थांबला की मेला." मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

खळ्यावर पोहोचले त्या संध्याकाळी आम्ही तिला फोन केला. नवऱ्याने सुरुवातीलाच अंग काढून घेतलं. "मी ओहळातच राहिलो. तुझी आई शेवटपर्यंत गेली. गुण तीच देणार," म्हणाला आणि फोन माझ्या हातात दिला. आईकडून गुण घ्यायचे तिच्या मनात नव्हते, हे मला कळत होतं.

"आधी चुका सांगते," मी म्हटलं. "बाईच्या डोक्यावर चुंबळ नाही. चुंबळीशिवाय भारा कोण घेतं? ओहळात पाय ठेवायची जागा दिसत नाही, माणूस वैतागतं. तो साइटवाला तिथेच वैतागला असणार. आणि खळ्यावर कुणीच नाही. घरात भात आलं आणि उतरवून घ्यायला माणूस नाही, असं कुठे असतं?"

ती हं हं करत लिहून घेत होती. मग तिने विचारलं, "आणि दगड?"

"दगड फार चांगला आहे. त्याला हात लावू नकोस."

"गुण किती?"

"एकसष्ट."

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. हे आपल्याकडचे एकसष्ट आहेत, साइटवरचे नाहीत, असं मी समजावून सांगणार होते.

"आई," ती म्हणाली, "साठच्या वर तू कुणाला दिलेस कधी?"

"नाही."

"मग चुंबळीपासून सुरुवात करते," ती म्हणाली. "कशी वळायची ते सांग."