कोरंटीतले मासे आणि चौहानजी

खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या काठावर मीठ चढत राहतं. सकाळी ओल्या फडक्याने पुसा, संध्याकाळी पुन्हा पांढरी रेघ! आमच्या दुकानातले किस्से तसेच. एक सांगून होतो न होतो, तोवर दुसरा वर आलेला असतो.

गिरणी बंद झाली तेव्हा मी तिथल्या रंगखात्याच्या लॅबमध्ये होतो. पेपरात रोज उदारीकरण वाचायचो आणि त्यातलं आपल्या वाट्याला काय येतं याची वाट बघायचो. आले ते मासे! शेजारच्या नंदावहिनींनी तुकोगंजात अ‍ॅक्वेरियमचं दुकान काढलं होतं. प्राणिशास्त्र शिकलेल्या बाई. शहरात नवे बंगले उठत होते, नवे दवाखाने उघडत होते आणि प्रत्येकाला हॉलमध्ये समुद्रातला मासा हवा होता. मासे मुंबईहून पिशव्यांतून यायचे आणि येताना रोग घेऊन यायचे. म्हणून मागच्या खोलीत क्वारंटाईनच्या आठ टाक्या. नवा मासा महिनाभर तिथे, मगच गिऱ्हाइकाला.

"भाऊजी, मोरचूद मोजून घालायचं काम आहे," वहिनी म्हणाल्या. "थोडं कमी पडलं तर किडा मरत नाही, थोडं जास्त झालं तर मासा मरतो. कराल?"

"वहिनी, धोतराच्या काठाचा लाल मी कधी एक शेडसुद्धा हलू दिला नाही!"

"मग उद्यापासून या. आणि गिरणीतला नजरेचा चांगला माणूस असेल तर तोही आणा."

* * *

नजरेचा माणूस म्हणजे चौहानजी. गिरणीत कापड तपासायच्या टेबलावर उभं आयुष्य काढलेला गृहस्थ. तागा सरसर पुढे जायचा आणि हे मधेच बोट ठेवायचे. तिथे हमखास तुटलेला धागा!

वहिनींनी त्यांना टाकीसमोर उभं केलं. आत नुकताच आलेला पिवळा मासा. "काय दिसतं?"

चौहानजी चार हात लांबच थांबले. "बाएँ पंख पे सात दाने."

वहिनी भिंग घेऊन काचेला चिकटल्या. मासा काही केल्या स्थिर राहीना. पाच मिनिटांनी म्हणाल्या, "सहाच आहेत."

"सातवाँ पंख मुड़ेगा तब दिखेगा."

मासा वळला. सात!

त्या दिवसापासून आमच्याकडे गिरणीतल्या ताग्यांसारखा निरोगी मासा 'पास' आणि आजारी मासा 'सेकंड'. क्वारंटाईन हा शब्द मात्र चौहानजींच्या तोंडात कधी बसला नाही. ते कोरंटीच म्हणत. पुढे वहिनीही कोरंटीच म्हणायला लागल्या.

* * *

विजय नगरला एका बिल्डरचा नवा बंगला. वास्तुशांतीला पाहुणे येणार, म्हणून आठवड्यात मासे हवे. वहिनी म्हणाल्या, महिना लागेल.

"महीना? मॅडम, आजकाल तो टेलिफोन भी जल्दी लग जाता है!"

त्याने दुसरीकडून मासे घेतले आणि थेट टाकीत सोडले. दहा दिवसांनी त्याचा फोन. अगदी खुशीत. "भिया, प्लेन मछली ली थी, उसपे डिझाइन आ गई! सफेद बुंदकी!"

मी म्हटलं, "साहब, वो डिझाइन नहीं, बीमारी है. हम आते हैं."

"अरे रहने दो, मस्त दिख रही है!"

चार दिवसांनी पुन्हा फोन. या वेळी आवाज पडलेला. "भिया, आप तो रंग वाले हो. डिझाइन उड़ गई. कच्चा रंग था क्या?"

वहिनींनी माझ्या हातातून फोनच घेतला. ठिपके गेले म्हणजे मासे बरे झाले नव्हते. किडे अंगावरून उतरून तळाशी वाढायला बसले होते. ते पुन्हा चढले की मासे जाणार! आम्ही स्कूटरवर बादल्या घेऊन धावलो. पाच मासे आणले. दोन गेले, तीन वाचले. महिन्याने बिल्डर स्वतः न्यायला आला, तो चप्पल दाराबाहेर काढूनच आत आला.

* * *

आता चौहानजींची फजिती. एका खेपेत एक काळा मासा आला. कपाळावर एक पांढरा ठिपका, दोन्ही बाजूंना एकेक.

"सेकंड!"

मोरचूद सुरू. मी रोज सकाळी-संध्याकाळी पाण्याचा रंग बघून मोरचुदाचं प्रमाण तपासायचो. तीन आठवडे झाले तरी ठिपके जागच्या जागी. मासा खातोय, पितोय, शेजाऱ्याला चावतोय.

"ज़िद्दी बीमारी है," चौहानजी म्हणाले.

शेवटी वहिनींनी माशांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि पान उघडून पुढे धरलं. तोच मासा, तेच तीन ठिपके. जन्मजात!

चौहानजींनी फोटो खिडकीशी नेला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.

"मॅडम, किताब वाली भी सेकंड है."

* * *

डॉक्टर साठे म्हणजे आमच्याच गल्लीतले दवाखानेवाले. वेटिंग रूमसाठी त्यांनी निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा देखणा एंजल मागवला होता. तो मासा आला आणि टाकीतल्या पाइपात जाऊन बसला. काही खाईना. अंगावर ठिपका नाही, कल्ले साफ, सूक्ष्मदर्शकाखाली एक किडा नाही. आठ दिवस झाले. पोट आत गेलं. वहिनी रोज कोळंबीचे तुकडे लसूण लावून घालत आणि रोज तसेच काढत.

त्याच आठवड्यात चौहानजींची बायको दुकानात आली. वहिनींना बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "मॅडम, ये डब्बा वापस लाते हैं. मिल में तीस जने साथ बैठके खाते थे. अब दो कौर खाके बंद कर देते हैं."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वहिनींनी एंजलच्या टाकीसमोर स्टूल ठेवलं. "चौहानजी, तुम्ही इथे बसून जेवायचं. तो पाइपाबाहेर येतो का ते बघा. नजर हटवायची नाही."

पहिला दिवस दोघंही उपाशी. दुसऱ्या दिवशी चौहानजींनी पोळीचा तुकडा मोडला आणि काचेकडे बघत म्हणाले, "ऐसे क्या देख रिया है? तू भी नया, मैं भी नया."

तिसऱ्या दिवशी मी कोळंबी टाकली. माशाचं तोंड पाइपाबाहेर आलं. चौहानजींचा घास हातातच राहिला. मासा तुकड्याभोवती फिरला, थांबला आणि गपकन गिळला!

"खा लिया! मॅडम, खा लिया!" चौहानजी ओरडले. वहिनी धावत आल्या. त्यांनी आधी डबा पाहिला, मग टाकी.

पुढे तीन आठवडे रोज एक वाजता दोघांची पंगत. मासा गुबगुबीत झाला. चौहानजींच्या शर्टाची बटणंही ताणली जायला लागली. शेवटी डॉक्टरांना निरोप गेला, मासा तयार आहे.

डॉक्टर पेशंट सोडून लगबगीने आले. हातात नवी कोरी जाळी, बरोबर झाकणाची बादली. "चला, द्या आमचा मासा!"

चौहानजी स्टुलावरून उठले नाहीत. डबा मांडीवर होता. त्यांनी तोंडातला घास सावकाश संपवला आणि म्हणाले,

"डॉक्टर साब, लंच टाइम है. दो बजे आना."

डॉक्टर बादली घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.