गाडीपुढं माणूस पायजे

आमच्या दाजींएवढा सावध माणूस सातारा-सांगलीत दुसरा सापडायचा न्हाई, आणि सापडलाच तर त्याला माझ्या वर्कशॉपात पाठवू नका. एकानं माझं डोस्कं फिरवलंय तेवढं बास झालं.

दाजी म्हंजे माझ्या थोरल्या बहिणीचं मालक, जोतीराम. गाव उंब्रजजवळ, ऊस चार एकर. चोवीस वर्षं मिलिटरीत ट्रक चालवला, तोही सगळा डोंगरात, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच न्हाई अशा रस्त्यावर. हवालदार हुऊन रिटायर झालं. एवढ्या वर्षांत गाडीला ओरखडा न्हाई. त्याचं कारण ते सगळ्यांना सांगत्यात, न इचारता सांगत्यात. "नियम, आकाराम! नियमानं चालणारा माणूस घरी येतो."

घरी आलं, खरं हाय. पण तवर आक्कानं एकटीनं ऊस बघितला, ट्रॅक्टर चालवला, लायसन काढून डेअरीचं कॅन जीपमधनं नेलं, पोरीचं लगीन लावलं. दर सुट्टीला दाजी म्हणायचं, "पुढच्या टायमाला तुला गाडीत शेजारी बसवून डोंगर दावतो." पुढचा टाइम यायचा तवा उसाला पाणी असायचं, न्हाईतर भावकीत कुणाचं तरी लगीन. आक्का माझ्याजवळ एकदाच बोलली. "आकाराम, मला डोंगराचं काय पडलं न्हाई रं. मला शेजारी बसायचंय."

दाजींनी जुना पिकअप घेतला आणि म्हणलं, पाठीमागं राहायची खोली बांधून दे, आक्काला घिऊन पाटणच्या वरच्या पठारावर मुक्कामाला जायाचंय. मी कुपवाडात जन्मभर शटर, ग्रील आणि ट्रॉल्या केलेला माणूस. पण बहिणीसाठी केली. दोन पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी, खिडकीला माधवनगरचं कापड. दाजी रोज यिऊन उभं. वर वजन टाकू नको, गाडी कलंडती. टाकी तळाला घे. चालत्या गाडीत सिलेंडर बंद पायजे, हितं चिठ्ठी लाव. वड्याच्या पात्रात गाडी लावायची न्हाई, हेही लिव्ह. सगळं बरोबर हुतं, तीच तर पंचाईत! एक जरी चूक बोललं असतं तर मनसोक्त भांडलो असतो.

दिवाळी झाल्यावर निघायचं ठरलं. आक्का नवं लुगडं नेसून आली आणि बघती तर डाव्या शिटावर चाक. पट्टा लावून बसवलेलं.

"आवं, हे काय?"

"दुसरी स्टेपनी. लांबच्या रस्त्याला दोन पायजेत. वर टाकली तर वर जड हुतंय."

"आणि मी?"

"चाक तीस किलो, तू साठ. टाकी डाव्या अंगाला हाय, तू बसलीस तर ती बाजू जड हुती. डांबरी संपंस्तवर तू आकारामच्या मोटारसायकलवर ये."

मला असा संताप आला! पण आक्का गप माझ्यामागं बसली. पाटणच्या पुढं घाट चढून डांबरी संपली. मला वाटलं आता तरी चाक निघंल. दाजी खाली उतरलं, चारी टायरची हवा कमी केली, आणि आक्काच्या हातात लाल फडकं आणि शिट्टी दिली. "कच्च्या रस्त्याला गाडीपुढं माणूस पायजे. खड्डा, धोंडा, निसरडं, बघत चल. एक शिट्टी म्हंजे थांब." आक्का फडकं घिऊन चालाय लागली. मागनं गाडी पहिल्या गिअरात. मी आक्काला म्हणलं, "चल माघारी." ती म्हणली, "असूं दे. वर पोचल्यावर बसंन की." मग मी दाजींच्या गावी आलो आणि मुक्कामाला राहिलो.

दाजींनी गावात डेअरीचा सेक्रेटरी दादासो याच्याजवळ चिठ्ठी ठेवली हुती. कुठं जातोय, कुठल्या वाटंनं, आणि उद्या सकाळी दहापर्यंत फोन आला न्हाई तर मदत पाठवावी. हा नियमही बरोबरच. पण दादासोनं ती डेअरीच्या भोंग्यावर वाचली. संध्याकाळी दोनदा, सकाळी दोनदा, वर "सर्व सभासदांनी नोंद घ्यावी."

सभासदांनी घेतली की! आमच्याकडं घरात कुणी गेलं की त्या घरात चूल पेटत न्हाई. भावकी पिठलं-भाकरी करून नेती, त्याला कडू घास म्हणत्यात. सकाळी साडेनवाला बघतो तर भावकीतल्या बाया पिठलं-भाकरीच्या पाट्या घिऊन तयार. मी म्हणलं, "अजून दहा वाजायचं हायती!" एक चुलती म्हणली, "आयत्या टायमाला कुठं करत बसायचं? काय झालं नसंल तर न्याहारी हुईल."

दहा वाजून एक मिनिटानं दोन ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि चाळीस माणसं निघाली. फुडल्या ट्रॉलीत दाजींची आई, धोंडुबाई. पाटण यायच्या आत तिनं रडाय सुरवात केली. "माझ्या वाघा, कुठं गेलास रं!" सुनंचं नाव एकदाबी न्हाई. तिच्याशेजारी बसून मी ट्रॅक्टरवाल्याला सारखं "दामट" म्हणत हुतो. गाडीवरची खोली मी बांधलेली, आत बहीण माझी.

वर पोचलो तर पवनचक्कीच्या अलीकडं गाडी जाग्यावर उभी. चारी चाकांना धोंडं लावल्यालं. दाजी खुर्चीवर, आक्का धोंड्यावर, दोघंबी धडधाकट. माझ्या डोळ्याला पाणीच आलं, आणि ते वाळायच्या आत डोस्कं फिरलं.

"दाजी, फोन का न्हाई केला?"

"हितं रेंज न्हाई. रेंज त्या पवनचक्कीपाशी हाय."

पवनचक्की हाकंच्या अंतरावर. "मग चालत जायचं की!"

"गाडी सोडून जायचं न्हाई, नियम हाय."

"आक्काला पाठवायचं!"

"दोघांनी एकमेकाला सोडायचं न्हाई."

"मग गाडी घिऊन जायचं!"

"दहाच्या फुडं मदत निघालेली असती. मदत निघाल्यावर जागा बदलायची न्हाई."

"आणि दहाच्या आत?"

"दहाच्या आत आम्ही पाळी-पाळीनं झोपत हुतो. एकानं झोपायचं, एकानं पहारा."

मग धोंडुबाई उठली आणि लेकाला पाठीत दोन ठेवून दिल्या. "आणि आता हे कोण खाणार?" म्हणून बायांनी पाट्या सोडल्या. दाजी म्हणलं, "मी जित्ता हाय, माझा कडू घास मी कसा खाऊ?" ह्याला मात्र त्यांच्याकडं नियम नव्हता. आईनं तोंडात घास कोंबला. सगळी पंगत पठारावर बसली. पिठलं झकास हुतं, खोटं कशाला बोलू.

जेवणं झाल्यावर दाजींनी हुकूम सोडला. दोन किलोमीटरचा उतार हाय, उतरताना ट्रॉलीत माणूस बसवायचा न्हाई. ट्रॅक्टर रिकामं फुडं, माणसं चालत. त्यातबी चूक काढायला जागा न्हाई! माणसं कुरकुरत निघाय लागली. दाजींनी फडकं आक्काफुडं धरलं.

आक्कानं ते घेतलं न्हाई. सगळ्यांसमोर बोलली, आणि जन्मात पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलली.

"चोवीस वर्षं तुमच्या सुटीची वाट बघितली. काल सात किलोमीटर गाडीच्या फुडं चालले. तुमी मागं हायसा एवढं हॉर्नवरनं कळत हुतं. रात्री तुमी झोपलासा तवा मी जागी, मी झोपले तवा तुमी. मी तुमच्याजवळ आले कवा?"

दाजींनी फडकं खाली घेतलं. मला वाटलं आता काहीतरी नियम सांगणार. सांगितला असता तर मी त्यांना खरंच ढकलून दिलं असतं.

आक्कानं डावं दार उघडलं, पट्टा सोडला आणि चाक खाली काढलं. मी ते फुडच्या ट्रॉलीत टाकून आलो. मग ती वळसा घालून स्टेअरिंगला बसली.

"आगं, गाडीफुडं माणूस पायजे," दाजी बारीक आवाजात म्हणलं.

"मोजा की."

दाजींनी बघितलं. फुडं उतारावर चाळीस माणसं चालली हुती, मधोमध धोंडुबाई, खड्डा दिसंल तिथं शिव्या देत. दाजींनी खरोखर बोट दावून मोजली. मी स्वतः बघितलंय.

"माझं वजन बहात्तर हाय," ते म्हणलं.

"असूं दे. बसा."

बसलं. आक्कानं पहिला गिअर टाकला आणि ब्रेकवर पाय न घासता गाडी अशी उतरवली, अशी उतरवली, की मी बाजूनं चालता चालता येडा झालो. उसाची भरली ट्रॉली वड्यातनं काढणारी बाई ती, तिला काय शिकवायचं! दाजी मात्र दर वळणाला डाव्या पायानं खालचा पत्रा दाबत हुतं, जीव खाऊन. मी केबिनच्या खिडकीशीच हुतो, म्हणून ऐकू आलं.

"आवं," आक्का म्हणली, "तिथं ब्रेक न्हाई. नुस्तं बसा."

दाजींनी पाय उचलला आणि नुस्तं बसलं.