मुंबईची थंडी आणि आईची काळी ट्रंक

काल दुपारी नागपूरहून केतकीचा फोन आला. केतकी म्हणजे माझ्या भाचीची मुलगी. तिला लोअर परळला नोकरी मिळतेय, पण यायचं की नाही हे काही ठरत नाहीये... आणि प्रश्न काय, तर "आजी, मुंबईत थंडी कशी असते गं? रजई आणू का?"

मी एवढी हसले की पोरगी गांगरलीच. हसू नको तर काय करू... याच प्रश्नावर एकदा आमचं अख्खं घर अडून बसलं होतं.

मराठी-गुजराती मिळून मुंबईचं द्वैभाषिक राज्य झालं, बाबांचं ऑफिस नागपूरहून मुंबईला आलं, तेव्हाची गोष्ट. मी तिसरीत होते. लालबागच्या एका चाळीत आम्हाला खोली मिळाली. अंगण, विहीर, पेरूचं झाड सोडून एका खोलीत आलेल्या आईचं तोंड जे उतरलं, ते उतरलंच.

तिनं भांडी काढली, कपडे काढले, देव मांडले. एक मोठी काळी ट्रंक मात्र दोरीसकट खिडकीखाली ठेवून दिली. त्यात आमचं थंडीचं सगळं होतं... रजया, स्वेटर, मफलर, कानटोप्या. "हिवाळा आला तर उघडीन. नाही आला, तर संक्रांतीला मुलींना घेऊन परत जाईन," असं तिनं बाबांना सांगून टाकलं.

आईचा शब्द म्हणजे शब्द. त्या दिवसापासून बाबा थंडीच्या मागे लागले. सकाळी गॅलरीत उभं राहून हात चोळायचे, "आज जरा गारठा आहे, नाही?" म्हणायचे... आणि कपाळावर घाम!

डिसेंबर आला. आता केतकी, नीट ऐक. मुंबईची थंडी पहाटे येते. गॅलरीतली फरशी पायाला गार लागते, नळाचं पाणी अंगावर घेताना श्वास अडकतो, तेव्हा तर गिरणीचा धूरही वर जायचं सोडून चाळीवरच रेंगाळायचा. बाजारात ओले वाटाणे येतात, पावटे येतात. शाल घ्यावी असं वाटेपर्यंत ऊन येतं, आणि झालं... संपली थंडी.

तेवढ्यावरही चाळीतली माणसं डोक्याला टॉवेल गुंडाळून कुडकुडायची. आई म्हणायची, "बाप्पा! याला हिवाळा म्हणतात का?" चाळीतल्या बायका ट्रंकेकडे बघून हसायच्या. शेजारच्या मालवणच्या मामी तर तोंडावर विचारायच्या, "काय गो वयनी, हिमालयात जातलंस की काय?" आईला ते फार लागायचं. परक्या गावात आपल्या माणसांशिवाय राहायचं आणि वर हसून घ्यायचं... मला आज कळतं, तिला काय होत असेल.

संक्रांतीला जायचं नक्की झालं. मी आणि ताई रात्रंदिवस देव पाण्यात ठेवून बसलो होतो... थंडी पडू दे. बाबांना सोडून राहायच्या कल्पनेनंच आम्हाला रडू यायचं.

आणि एका संध्याकाळी मामी दारात उभ्या. हसत नव्हत्या. संयुक्त महाराष्ट्रासाठी दिल्लीला मोर्चा जाणार होता. चाळीतली बरीच माणसं निघाली होती, त्यात मामींचे यजमानही होते. त्यांच्या पिशवीत काय, तर दोन सदरे आणि एक सुती चादर! मुंबईत जन्म गेलेल्या माणसाकडे लोकर येणार कुठून...

"वयनी, थंय मरणाची थंडी म्हणतत. कायतरी गरम आसा काय गो?"

 आई म्हणाली, "अन् एवढ्यावर चालले होते का ते? गारठून जातील ना!" आणि खाली बसून तिनं ट्रंकेची दोरी सोडली.

अख्ख्या मजल्यावर डांबरगोळ्यांचा वास पसरला. कुणाला रजई, कुणाला मफलर, बाबांचा लग्नातला स्वेटर मामींच्या यजमानांना. मफलर छातीवर कसा आडवा घ्यायचा, कान कसे झाकायचे, हे आई त्या मोठमोठ्या गिरणी कामगारांना शिकवत होती आणि ते शाळेतल्या मुलांसारखे मान डोलावत होते. माझी लाल कानटोपी घालून एक मिशीवाले काका गेले, ते मी कधी विसरणार नाही.

ट्रंक रिकामी. आता संक्रांतीला नागपूरच्या कडाक्यात मुलींना न्यायचं कसं? "कपडे परत येऊ दे, मग बघू," आई म्हणाली. बाबा लगेच मोरीत तोंड धुवायला गेले. तिथे मी त्यांना हसताना पाहिलं.

माणसं सुखरूप परतली. कपडेही आले, धुऊन, घड्या घालून... पण रिकामे नाहीत! शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, तसं. बाबांच्या स्वेटरमध्ये नारळ, मफलरच्या गाठीत कुळथाचं पीठ, रजईच्या घडीत आमसुलं, माझ्या कानटोपीत चुरमुऱ्यांचे लाडू.

आई एकेक गाठ सोडत होती आणि हसत होती... मुंबईत आल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला. "एवढं सामान घेऊन कुठं जाऊ आता," म्हणाली, आणि डबे शोधायला उठली.

ती ट्रंक परत कधीच दोरीनं बांधली नाही. चाळीतलं कुणीही उत्तरेकडे निघालं की आधी आमच्याकडे यायचं. आता ती माझ्याकडे आहे.

तर केतकी, मुंबईत थंडी नाही. तरी रजई घेऊन ये... तुला लागणार नाही, पण कुणीतरी मागायला दारात येईल.