सासरे सापडेपर्यंत
शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की रहिमतपूरची ती दुपार आठवते. विसरायला लागलेले माझे सासरे भर उन्हात घराबाहेर पडले होते. मी धापा टाकत समाजमंदिरात शिरले. तिथं शिवणवर्ग चालू होता. "अंगात काय हाय त्यांच्या?" शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं. "पांढरा सदरा," मी म्हणाले, तशी त्यांनी लगेच भोंग्यावरून पुकारा केला. साऱ्याजणी शिवण तसंच टाकून गल्लोगल्ली पांगल्या. मी कालव्याकडे धावले. पाण्यात काही पांढरं दिसलं की काठावर वाकून बघत होते. तासाभरानं दोघींनी त्यांना एसटी स्टँडवरून हाताला धरून आणलं. माझ्याकडे बघत ते म्हणाले, "ही बाई का रडतीया?" सासरे आता नाहीत. दार उघडं कसं राहिलं, हे त्या दिवशी एकीनंही विचारलं नाही. कडी लावायला मीच विसरले होते, हे आज पहिल्यांदा सांगते आहे.