सोलापुरी चादरीपलीकडची लढाई

गेल्या उन्हाळ्यापासून मी माझ्या शेजाऱ्यावर जळते आहे. माणूस भला आहे, म्हातारा आहे, थंडीत स्वतःच्या दारापुढचा बर्फ काढता काढता आमच्याही दारापुढचा काढून टाकतो. तरी जळते. कारण माझे बाबा माझ्याकडे राहायला आले आणि त्याचे होऊन बसले.

आई गेल्यावर बाबा नागपूरहून पहिल्यांदाच एकटे माझ्याकडे अमेरिकेत, ॲन आर्बरला आले. मी वरची खोली त्यांच्यासाठी लावली, कपाट रिकामं केलं, खिडकीशी खुर्ची ठेवली. त्यांनी कपाट उघडलंसुद्धा नाही. कपडे बॅगेतच घडी करून ठेवायचे, जेवण झालं की मी हात पुढे करायच्या आत स्वतःचं ताट विसळायचे, आणि मनगटावरचं घड्याळ नागपूरच्याच वेळेवर. इथली वेळ लावा, असं किती वेळा सांगितलं. "सप्टेंबरात जायचंच तर आहे," असं उत्तर यायचं. मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. नागपूरच्या फ्लॅटमध्ये ते एकटे कुकर लावणार, एकटेच जेवणार, हे मला डोळ्यांसमोर आणवत नव्हतं. व्हिसाची मुदत वाढवून घेता येते, इथेच थांबा, हे मी आडून सांगितलं, उघड सांगितलं, एकदा रडूनही सांगितलं. नवऱ्यानेही आग्रह केला. बाबा "पाहू" म्हणायचे. बाबांचं "पाहू" म्हणजे नाही, हे मला लहानपणापासून पाठ आहे.

मग शेजाऱ्याने त्यांना एका रविवारी गॅरेज दाखवायला नेलं.

शेजारी निवृत्त शिक्षक, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्याच्या गॅरेजमध्ये गाडी नसते. टेबलटेनिसच्या टेबलावर पॅसिफिक महासागर पसरलेला असतो: चौकोन आखलेले नकाशे, पुठ्ठ्याच्या चकत्यांची जहाजं आणि विमानं, फासे. त्याचे वडील दुसऱ्या महायुद्धात, जपानविरुद्धच्या मिडवेच्या लढाईत एका अमेरिकन विमानवाहू जहाजावर खलाशी होते आणि त्या दिवसाबद्दल घरात कधी चकार शब्द बोलले नाहीत. म्हणून हा मुलगा म्हातारपणी तो एकच दिवस पुन्हा पुन्हा खेळतो. पहाटेपासून अंधार पडेपर्यंतचा दिवस, पण एका रविवारी तो जेमतेम अर्धा तास पुढे सरकतो. शत्रूची जहाजं दोघांनाही दिसत नाहीत. विमानं पाठवून शोधायची, सापडली की हल्ला, आणि हल्ला झाला की दिवस भराभर संपतो.

बाबांनी जपानची बाजू घेतली. का, ते त्यांनी जेवताना मोठ्या कौतुकाने सांगितलं. जपानी जहाजं कुठेही गेली तरी घड्याळं टोकियोचीच ठेवायची. सूर्य वर आलेला, आणि यांच्या घड्याळात मध्यरात्र नुकती उलटलेली. अमेरिकनांची चार जून तारीख, तेव्हा यांची पाच. "शहाणे लोक," असं म्हणून बाबांनी स्वतःच्या घड्याळाकडे बघितलं. आई गेल्यापासून त्यांना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं, आणि ते सगळं बोलणं दुसऱ्याच्या गॅरेजबद्दल होतं.

पुढे पुढे रविवार पुरेना. बाबा रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते. फोनवर स्टेशनांशी बोलत मोठ्या कागदावर गाड्यांच्या रेघा ओढायच्या, कुठली थांबवायची, कुठली काढायची ते ठरवायचं, यात त्यांचं नोकरीतलं आयुष्य गेलं. आता माझ्या डायनिंग टेबलावर ते तशाच रंगीत रेघा ओढून विमानांची येजा बसवायला लागले. जहाजाचा डेक म्हणजे एकेरी लाइन, एक उतरेपर्यंत दुसरं सुटत नाही, असं मला समजावून सांगू लागले आणि मी नीट ऐकायच्या आत बाबा उठून शेजाऱ्याकडे गेलेले असायचे. मी त्यांना चिवडा करायला सांगितला तर इथले पोहे मऊ पडतात म्हणाले होते. शेजाऱ्यासाठी तेच पोहे ओव्हनमध्ये कुरकुरीत झाले. दोघांच्या नकाशांमध्ये पडदा हवा होता, तर बाबांनी माझ्यासाठी सोलापूरहून मागवून आणलेली चादर, जी मी जपून वापरायची म्हणून ठेवली होती, ती त्या गॅरेजात दोरीवर जाऊन लटकली.

हेही मी गिळलं असतं. पण एकदा कुंपणाशी उभं राहून शेजारी मला सहज म्हणाला की तुझी आई फार छान होती असं दिसतं, संध्याकाळी डबा घेऊन कंट्रोल ऑफिसात यायची आणि स्टेशनांची नावं ऐकत बसायची. मी हसून मान डोलावली. घरात येऊन बाथरूमचं दार लावून घेतलं. माझ्या आईची ही गोष्ट मला माहीत नव्हती. त्या माणसाला माहीत होती, ज्याला कंट्रोल ऑफिस म्हणजे काय तेही समजावून सांगावं लागलं असणार.

ऑगस्ट संपता संपता बाबांनी विचारलं, "तिकीट जरा पुढे ढकलता येईल का? आमचा दिवस संपायचा आहे अजून."

मी हो म्हटलं, मुदतवाढीचे कागदही केले. ज्यासाठी मी रडले होते ते झालं होतं, आणि मला एवढासाही आनंद झाला नाही. लेकीसाठी जे जमलं नाही ते पुठ्ठ्याच्या चकत्यांसाठी जमलं. नवरा म्हणाला, राहताहेत ना, मग झालं तर. मी त्याच्याशी दोन दिवस धड बोलले नाही.

त्याच सुमारास त्यांचा पंच गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी गेला. या खेळाला तिसरा माणूस लागतो. तो टेबलाच्या कडेला, चादरीच्या टोकाशी बसतो, त्याला दोन्ही बाजू दिसतात. कोणाचं विमान कुठे गेलं ते तो आपल्या नकाशावर बघतो आणि ज्याचं विमान त्यालाच काय दिसलं ते सांगतो. मी म्हटलं, मी होते पंच. बाबा चमकले. शेजारी खूश झाला. मला लढाईशी घेणंदेणं नव्हतं. तिथे असं काय आहे जे माझ्या घरात नाही, तेवढं मला बघायचं होतं.

पहिल्या रविवारी मी नियम सांभाळत बसले. दुसऱ्या रविवारी मला शंका आली. शेजाऱ्याची जहाजं होती ईशान्येला, आणि बाबांची विमानं शोधत होती दक्षिणेकडे, जिथे पाण्याशिवाय काही नव्हतं. आधी शोधून झालेले चौकोन ते पुन्हा शोधत होते. आणि पलीकडे शेजारीही तेच करत होता. ज्या बाजूने बाबा येणार हे शाळकरी पोरालाही कळलं असतं, ती बाजू सोडून तो सगळीकडे विमानं पाठवत होता. मी दोघांना आळीपाळीने सांगत होते, काही दिसलं नाही, काही दिसलं नाही, आणि दोघे समाधानाने मान हलवून चिवडा खात होते. चादरीच्या दोन्ही बाजू फक्त मलाच दिसत होत्या, म्हणून हे फक्त मलाच कळलं. यांना लढाई नको होती. यांना दिवस संपवायचा नव्हता.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. एवढी मैत्री? घरी परत येताना मी ड्राइव्हवेतच बाबांना थांबवलं. जन्मभर एका ट्रॅकवर दोन गाड्या येऊ दिल्या नाहीत तुम्ही, आणि तुम्हाला दिशा कळत नाही? कोणाला फसवताय?

बाबा पायाने पानं बाजूला सारत राहिले. मग म्हणाले, "तुझे आजोबा तुझ्या आत्याकडे जायचे ना, तेव्हा घरून पाण्याचा तांब्या न्यायचे. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा नको म्हणून."

"तो जमाना गेला, बाबा."

"जमाना गेला. पण मी त्यांचाच पोरगा आहे, बेटा. तुझा काका फोनवर विचारतो, लेकीकडे किती दिवस पडून राहणार? काय सांगू त्याला? एक काम निघालंय म्हणतो, ते संपलं की येतो."

माझ्या तोंडी आलं ते भलतंच. "म्हणजे शेजाऱ्याला हे माहीत आहे?"

"त्यांना सांगावं लागलं. नाहीतर त्यांनी मला पहिल्याच महिन्यात बुडवलं असतं."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर ते मागणं झालं असतं," बाबा म्हणाले आणि घराकडे चालू लागले.

कोणी म्हणेल की यावर माझा मत्सर विरघळून गेला असेल. नाही विरघळला. बाबांना माझ्याकडे राहायचं होतं, हे कळून मी त्या संध्याकाळी भाजी करपेपर्यंत गॅससमोर नुसती उभी होते, हे खरं. पण माझ्याकडे राहायचंय हे माझ्याआधी त्या माणसाला कळलं होतं. दोघांनी मिळून माझ्या पाठीमागे माझ्यावर उपकार चालवले होते. त्याचाही मला राग आला.

पुढच्या रविवारी बाहेर थंडी होती आणि गॅरेजचं दार खाली ओढलेलं होतं. शेजाऱ्याने नेहमीप्रमाणे एक विमान रिकाम्या समुद्राकडे सोडलं. पण या खेळात वाऱ्याचा वेगळा फासा टाकावा लागतो आणि विमान भरकटतं. फासा पडला. मी माझ्या नकाशावर चकती सरकवली. ती थेट बाबांच्या चार विमानवाहू जहाजांच्या डोक्यावर आली.

शेजारी माझ्याकडे बघत होता. माझा चेहरा त्याला कळला असावा, कारण त्याचा हात फाशावरून निघेना. त्याला नियम मोडता येत नव्हता. वडिलांच्या दिवसात त्याने कधी खोटं घुसू दिलं नव्हतं. चादरीच्या या बाजूला बाबांनीही पेन्सिल खाली ठेवली होती. मी सांगितलं असतं की जहाजं दिसली, तर संध्याकाळपर्यंत सगळं बुडालं असतं, आणि बाबांनी बॅग बंद केली असती.

"काही दिसलं नाही," मी म्हटलं. "खाली ढग आहेत."

शेजाऱ्याने सावकाश श्वास सोडला आणि इंग्रजीत म्हणाला की या मोसमात ढग असायचेच. त्याने आपल्या नकाशावर फुली मारली आणि खाली वाकून चिवड्याचा डबा शोधू लागला.

तेव्हा चादरीच्या अलीकडून बाबांनी हलक्या आवाजात मला विचारलं, "इथले किती वाजलेत गं?"

मी सांगितलं. त्यांनी मनगटावरून घड्याळ काढलं, चष्मा वर केला आणि किल्ली ओढून काटे फिरवायला सुरुवात केली. मधे चादर होती. शेजाऱ्याला ते दिसलं नाही. मला दिसलं.