कंडक्टरकाकांची घंटी

पेणपासून रोह्यापर्यंतच्या रस्त्यावर माणसाच्या पोटातलं ओठावर आणण्याची कला आजवर एकाच गृहस्थाला साधली, असं मी कुठल्याही सभेत उभं राहून सांगायला तयार आहे. समुपदेशनाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. एसटीत कंडक्टर म्हणून उभी हयात याच रस्त्यावर काढून ते निवृत्त झाले आणि पुढच्याच सोमवारी रोह्याच्या आमच्या कुटुंब आधार केंद्रात येऊन बसले. काय काम आहे विचारलं तर म्हणाले, "काम तुम्ही द्यायचं. मी घरात बसून राहिलो तर माझ्या घरच्यांना तुमच्याकडं यावं लागंल." तेव्हापासून ते आमचे कंडक्टरकाका. आज त्यांच्याविषयी लिहायला बसले त्याचं कारण मात्र तेवढं गमतीचं नाही. गेल्या आठवड्यात त्यांची स्वतःचीच फाईल माझ्या टेबलावर आली. पक्षाघाताच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू लुळी पडली आहे आणि वाचा गेली आहे. रोज घरी येऊन व्यायाम घेणारा माणूस त्यांना केंद्राकडून मिळायला हवा. फाईलवर आमच्या नव्या कार्यकर्तीचा शेरा होता, 'तीन भेटी. प्रतिसाद नाही. सेवा बंद करावी.' खाली फक्त माझी सही व्हायची राहिली होती.

आमच्या केंद्राचं काम सांगायला सोपं आहे. कुणाच्या घरी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं असतं, कुठे बाळंतीण एकटी असते, कुठे पोर वेळेवर बोलत नाही, कुठे नवराबायकोचं पटत नाही. अशा घराला आधाराला माणूस द्यायचा. पण तो देण्याआधी फॉर्म भरायचा, आणि फॉर्म वरच्या ऑफिसातून छापून यायचा. 'कुटुंबातील सदस्यांमधील परस्परसंवाद समाधानकारक आहे काय?' हा त्यातला पहिला प्रश्न. मी हमरापूरजवळ गणपतीच्या कारखान्यात लहानाची मोठी झालेली, तरी पदवी घेऊन आल्यावर हा प्रश्न मिठागरावरच्या बाईला जसाच्या तसा वाचून दाखवायचे. ती बिचारी पदराचा शेव चावत "व्हय" म्हणायची. पुढच्या प्रश्नालाही "व्हय" म्हणायची. तिचा फॉर्म पाहिला तर रायगड जिल्ह्यात इतकं सुखी घर दुसरं नसेल. काका हे दोन दिवस पाहत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातातला फॉर्म काढून घेतला, त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला आणि समोरच्या बाईला विचारलं, "काय गो, घरान कोण कोनाशी बोलत नाय?" बाई जी सुरू झाली ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबली नाही.

काकांच्या खांद्याला एसटीतली जुनी चामड्याची बॅग असे. त्यात पूर्वी तिकिटं असत, आता आमचे फॉर्म. तिकिटाला भोक पाडायचा पंच त्यांनी कुठून तरी जपून ठेवला होता. भरून झालेल्या प्रत्येक फॉर्मचा कोपरा ते टिचकन पंच करत आणि समोरच्या माणसाला सांगत, "आता कोन उतरवनार नाय तुमाला." वरच्या ऑफिसनं एकदा लेखी विचारणा केली की रोह्याच्या फॉर्मना उंदीर लागले आहेत काय. बाकावर दोनच माणसं बसलेली असली तरी काका दारातून ओरडत, "पुढं सरका, आत जागा हाय." आलेल्या माणसाला नाव, वय, शिक्षण काही विचारायचे नाहीत. "कुठं उतरता?" एवढंच. त्यानं स्टॉपचं नाव सांगितलं की खाडीकाठचा की डोंगरातला, मिठागरवाला की कंपनीवाला, याच्याशी कुठल्या बोलीत बोलायचं, याला चहा आधी द्यायचा की नंतर, हे सगळं त्यांना कळलेलं असे. मला हा चक्रमपणा वाटायचा. मी तसं बोलूनही दाखवलं होतं.

आणि घंटी. एसटीत कंडक्टरनं दोरी एकदा ओढली तर गाडी थांबते, दोनदा ओढली तर सुटते. दोरी सुटली तरी काकांची सवय सुटली नाही. माझं बोलणं लांबलं, किंवा समोरच्या बाईच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं आणि मी घाईनं पुढचा प्रश्न काढला, की टेबलावर एकदा टक्. थांबायचं. बाईनं डोळे पुसले, पदर सावरला, की टक् टक्. चला पुढं. सुरुवातीला मला फार राग यायचा. पुढे पुढे मी घरी स्वयंपाक करतानासुद्धा त्या टकटकीची वाट पाहू लागले.

धाटावच्या कंपन्यांत काम करणारी बिहारची, ओडिशाची कुटुंबं एकेका खोलीत राहतात. आमच्या भेटीची वेळ सकाळी दहाची. रात्रपाळी करून आलेला नवरा त्याच खोलीत झोपलेला असायचा, बायको दार किलकिलं करून पुटपुटायची, "सब ठीक है." आम्ही 'सर्व ठीक' लिहून परत. काकांनी आधी शिफ्ट विचारायला शिकवलं. ते दारातच आपल्या कंडक्टरी हिंदीत विचारत, "भाभी, साहब की कौनसी शिफ्ट?" आणि मग बाहेर नळावर, हंडा भरेपर्यंत, काय ते बोलणं होई. हमरापूरकडे गणपतीच्या आधीच्या दिवसांत फॉर्म न्यायला त्यांनी सक्त मनाई केली होती. "मानूस देवाच्या डोळ्यांची आखणी करताना तू त्याला इचारनार, पोराला फिट कधीपासून येते? हात हालंल त्याचा." आता कारखान्यात वाढलेली मी, मला हे त्यांनी सांगावं. ते स्वतः जाऊन बसत, मूर्तीला पॉलिश पेपर मारू लागत आणि उठेपर्यंत त्या घराची सगळी हकीकत त्यांच्या बॅगेत आलेली असे.

पण माझी खोड मोडली ती एका आजीनं. पेणच्या पुढच्या एका गावात ज्यू लोकांची पूर्वी बरीच घरं होती. सगळी एकामागून एक इस्रायलला गेली, ही एक आजी मागे राहिली. बोलणं तुमच्याआमच्यासारखं मराठी, नेसणं लुगडं. गुडघे गेलेले, म्हणून तिला अंघोळीला, औषधपाण्याला केंद्राची बाई रोज सकाळी जात असे. ही सोय चालू ठेवायला महिन्यातून एकदा घरी जाऊन फॉर्मवर तिची सही आणायची होती. भेटींचा वार ऑफिसनं ठरवलेला, शनिवार. मी पहिल्यांदा गेले. तिनं पाणी दिलं, माझी चौकशी केली, आणि सहीचं म्हटल्यावर हसून म्हणाली, "आज नको गो. उद्या ये." उद्या रविवार, मला सुट्टी. पुढच्या महिन्यात तेच. तिसऱ्या महिन्यात मी जरा चिडूनच विचारलं, सही करायला काय जातं? तिनं माझ्यापुढं आणखी एक पाण्याचा पेला सरकवला. मी लिहिलं, 'लाभार्थी सहीस नकार देतात. सेवा बंद करावी.' तिचा मुलगा तिकडून फोनवर सांगत होता, बाई बंद झाली की मी येऊन तुला घेऊन जाणार. आणि आजीला त्या घरातून, नवऱ्याच्या कबरीपासून कुठेही जायचं नव्हतं.

काकांनी तो शेरा वाचला आणि टेबलावर एकदाच टक् केलं. मग म्हणाले, "मी इतकी वर्सं त्या गावावरनं गाडी नेली. त्या घरातलं मानूस शनवारच्या गाडीत कधी चढलं नाय. बाजार असो, मयत असो. तू त्यांच्या शनवारी पेन घेऊन गेलीस व्हय?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सुट्टी गेली खड्ड्यात म्हणून मी काकांबरोबर त्या गावी गेले. आजीनं फॉर्म हातात घेतला, चष्मा लावून सगळा वाचला आणि टपोऱ्या अक्षरात सही केली. मी माफी मागत विचारलं, आजी, तुम्ही सांगितलं का नाही? ती खरोखरच गोंधळली. म्हणाली, "मला वाटलं तुला ठाऊक असंल. हितं सगळ्यांना ठाऊक हाय, शनवार आमचा इसाव्याचा वार, त्या दिशी आम्ही पेन धरत नाय." मग तिनं नारळाच्या दुधातला हलवा वाढला. काकांनी फॉर्मचा कोपरा पंच केला आणि तिला सांगितलं, आता कोन उतरवनार नाय. आजी पुढे अनेक वर्षं त्याच घरात राहिली आणि तिथेच गेली. त्या रविवारपासून आमच्या प्रत्येक फाईलवर सगळ्यात वर दोन ओळी असतात, काकांनी सुरू केलेल्या. कुठं उतरता, आणि कुठल्या वारी यावं.

हे सगळं मला त्या शेऱ्याखाली सही करताना आठवलं आणि मी पेन ठेवून दिलं. दुपारी काकांच्या घरी गेले. मुलगा कंपनीत गेला होता. सून घाटावरची, गुणाची पोर, तान्ह्या बाळाला मांडीवर थोपटत होती. काका लोखंडी कॉटवर पडलेले. मला पाहून डावा डोळा हलला. सून म्हणाली, "ताई, त्या मॅडमनी खूप प्रश्न विचारले हो. बाबा काही बोलले नाहीत. नुसता डावा हात आपटायचे कॉटवर. आपोआप हलतो बहुतेक. बाळ दचकून उठतं, म्हणून मी इथं टॉवेल गुंडाळलाय." कॉटच्या दांडीला खरंच एक निळा टॉवेल घट्ट बांधला होता, आणि काकांचा डावा हात त्यावर निमूट पडला होता.

मी टॉवेल सोडला. मग त्यांच्या जवळ वाकून विचारलं, "काका, रोज सकाळी व्यायाम घ्यायला माणूस पाठवू?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोटातली अंगठी दांडीवर वाजली, टक् टक्. "सकाळी आठला?" टक्. "मग दहाला, मुलगा शिफ्टला गेल्यावर?" टक् टक्. सून उठून उभी राहिली. म्हणाली, "म्हणजे बाबा इतके दिवस..." मी तिला एक बेल आणि दोन बेल समजावून सांगितल्या. तिनं बाळाला काकांच्या कुशीत ठेवलं आणि चाचरत विचारलं, "बाबा, चहा हवा?" टक् टक्. हा प्रश्न तिनं तीनदा विचारला आणि तिन्ही वेळा चहा आला.

मी फॉर्म भरला. वरच्या ओळीत लिहिलं, कंडक्टर, एक बेल नाही, दोन बेल हो. त्यांची बॅग खुंटीला होती, तिच्यात पंच सापडला. कोपऱ्याला भोक पाडून त्यांना दाखवलं. पाच वाजत आले होते, घरी जायला पेणची गाडी गाठायची होती. "येते काका," म्हणून मी उठले आणि चपला घालायला दारापर्यंत गेले.

मागे कॉटवर एकदा टक् वाजलं.

मी थोडा वेळ दुसऱ्या टक्‌ची वाट पाहिली. ते आलं नाही. मग मी परत येऊन त्यांच्यापाशी बसले, आणि माझी गाडी माझ्याशिवाय सुटली.